‘मी मोठा होतो तेव्हा’ : बालवाणीतील भयसूचकतेची मीमांसा

१

तीन-चार वर्षांचे मूल कधी कधी असे काही बोलून जाते की ऐकणाऱ्या वडीलधाऱ्यांचा हातातला घास हातातच राहतो. वर्षापूर्वी वारलेल्या आजोबांनी आपल्याला हाक मारली, असे ते सांगते. रिकाम्या कोपऱ्याकडे बोट दाखवून ‘तो बघ’ म्हणते. घरात लग्नाची गडबड चाललेली असता ‘आजी कधी मरणार?’ असे अगदी निर्विकारपणे विचारते. बाहुलीला पांढऱ्या फडक्यात गुंडाळून खांद्यावर घेऊन घरभर मिरवते. अशा उक्तींची व कृतींची वासलात लावण्याच्या तीन रीती आपल्याकडे रूढ आहेत. पहिली भयाची : मुलाला काही बाधले, दृष्ट लागली, तिन्हीसांजेला त्याला बाहेर न्यायला नको होते. दुसरी आदराची : हे पूर्वजन्मीचे संस्कार, हा कोणी योगभ्रष्ट जीव. तिसरी कौतुकाची : पोर किती गमतीचे बोलते! अलीकडे या तिसऱ्या रीतीला मोबाइलवरील चित्रफितीची जोड मिळाल्याने तिचा प्रसार फार वाढला आहे.

या तिन्ही रीती परस्परविरोधी दिसतात. परंतु एका बाबतीत त्या सारख्याच आहेत. मूल नेमके काय बोलले, कोणत्या शब्दांत बोलले आणि कोणत्या प्रश्नाला उत्तर म्हणून बोलले, याची विचारपूस तिन्हींपैकी कोणीच करीत नाही. मूल बोलले ते वाक्य मागे पडते आणि त्याची कथा तेवढी उरते. प्रस्तुत लेखात परीक्षण करावयाचे आहे ते या कथेचे. बालकांच्या मनाचा शोध हा मानसशास्त्रज्ञांचा प्रांत होय. त्यांच्या उक्ती ऐकताना, सांगताना आणि ग्रंथात गोवताना आपण काय करतो, हा मात्र भाषेच्या अभ्यासकाचा आणि साहित्याच्या टीकाकाराचा प्रांत आहे. या परीक्षणातून निघणारे मत प्रारंभीच सांगून टाकणे बरे : बालोक्तीतील भयसूचकता बहुधा त्या उक्तीत नसते, मुलाचे व्याकरण आणि प्रौढाचे व्याकरण यांच्यामध्ये जी फट असते तीत ती उत्पन्न होते. परंतु केवळ एवढे दाखवून थांबणे हाही मुलाचे न ऐकण्याचाच एक प्रकार ठरतो, हे मत शेवटी मांडावयाचे आहे.

पुढे दिलेली उदाहरणवाक्ये व्याकरणाचा मुद्दा स्पष्ट करण्यासाठी रचलेली आहेत. कोणा विशिष्ट बालकाच्या बोलण्याची ती नोंद नव्हे.

२

पुनर्जन्माच्या कथांमध्ये वारंवार येणारे एक वाक्य प्रथम घेऊ. चार वर्षांचा मुलगा म्हणतो, ‘मी मोठा होतो तेव्हा गाडी चालवतो.’ ऐकणारी आई दचकते. ‘मी मोठा होतो’ याचा अर्थ ती ‘पूर्वी मी मोठा माणूस होतो’ असा घेते.

आता या वाक्यातील क्रियापद पाहावे. मराठीत ‘असणे’ या धातूचे प्रथमपुरुषी पुल्लिंगी भूतकाळी रूप ‘होतो’ असे आहे. आणि ‘होणे’ या धातूचे प्रथमपुरुषी पुल्लिंगी वर्तमानकाळी रूपही ‘होतो’ असेच आहे. स्त्रीलिंगातही तोच प्रकार : ‘मी मोठी होते’ याचे ‘मी पूर्वी मोठी होते’ आणि ‘मी आता मोठी होत जाते’ असे दोन्ही अर्थ संभवतात. शिवाय नजीकच्या भविष्यासाठी वर्तमानकाळ वापरणे ही मराठीची नित्याची लकब आहे. ‘मी उद्या येतो’ या वाक्यात कोणालाही काही चमत्कारिक वाटत नाही. तेव्हा ‘मी मोठा होतो तेव्हा’ याचा सरळ अर्थ ‘मी मोठा होईन तेव्हा’ असा असण्यास कोणतीही अडचण नाही. त्या वयातील मूल मोठे होण्याचीच स्वप्ने अहोरात्र पाहत असते.

विशेष लक्षणीय गोष्ट पुढे आहे. हे रूपसाम्य सर्व पुरुषांत आढळत नाही. द्वितीय पुरुषात ‘तू मोठा होतोस’ आणि ‘तू मोठा होतास’ ही रूपे निराळी आहेत. तृतीय पुरुषात ‘तो मोठा होतो’ आणि ‘तो मोठा होता’ ही निराळी आहेत. ‘ती होते’ आणि ‘ती होती’ हीही निराळी आहेत. एकवचनात दोन्ही रूपे एक होतात ती फक्त दोन ठिकाणी : प्रथमपुरुषी आणि तृतीयपुरुषी नपुंसकलिंगी. म्हणजे मूल स्वतःविषयी ज्या रूपात बोलते तेथे, आणि आपण ‘बाळ’, ‘मूल’, ‘लेकरू’ म्हणून ज्या रूपात त्याच्याविषयी बोलतो तेथे. ‘बाळ मोठे होते’ हे वाक्य कोणत्या काळातले आहे, ते संदर्भावाचून सांगता येणार नाही.

यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. मुलाच्या तोंडी असेपर्यंत वाक्य द्व्यर्थी असते. आई जेव्हा शेजारणीला ते सांगू लागते आणि ‘मी’च्या जागी ‘तो’ घालते, तेव्हा व्याकरण तिला निवड करावयास भाग पाडते. ‘तो मोठा होतो’ म्हणावे की ‘तो मोठा होता’? दचकलेली आई दुसरे रूप निवडते. त्या क्षणी भूतकाळ निश्चित होतो आणि पूर्वजन्माचा जन्म होतो. हा चमत्कार मुलाने केलेला नसतो. ‘मी’चा ‘तो’ करताना तो घडतो.

हे स्पष्टीकरण मराठीपुरते आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. हिंदीत ‘था’ आणि ‘होगा’ यांचा असा घोटाळा होत नाही. आणि ज्या भाषांत असे रूपसाम्य नाही तेथील मुलेही काळांची सरमिसळ करतातच. प्रत्येक भाषेतील फट वेगळ्या जागी असते आणि ती त्या त्या भाषेतच शोधावी लागते.

३

पालघर तालुक्यात सूर्या नदीच्या काठी वसलेल्या मासवण या गावाचा विचार या दृष्टीने उद्बोधक होईल. २०१४ च्या ऑगस्टमध्ये ठाणे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्याचा हा पट्टा बोलींच्या दृष्टीने मोठा गजबजलेला आहे. पूर्वेकडच्या डोंगरांतून वारली, कोकणा, कातकरी यांच्या बोली येतात. पश्चिमेच्या किनाऱ्यावर वाडवळी आणि मांगेली आहेत. उत्तरेकडून गुजराती शिरते. आणि बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामासाठी आलेल्या कुटुंबांबरोबर हिंदी व तिच्या अनेक बोली आल्या आहेत. ग्रियर्सनने आपल्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) या भागातील वारली, वाडवळ इत्यादी बोलींचे नमुने दिले, तेव्हा औद्योगिक वसाहतही नव्हती आणि १९६९ मध्ये सुरू झालेले तारापूरचे अणुविद्युत केंद्रही नव्हते. आज या परिसरातील मुलाच्या कानावर एकाच अंगणात दोन-तीन व्याकरणे पडतात. मागील भागात प्रमाण मराठीच्या रूपांविषयी जे सांगितले ते या बोलींना जसेच्या तसे लावता येणार नाही. बोलीगणिक ते तपासावे लागेल.

अशा परिसरात कालवाचक शब्दांचे काय होते ते पाहावे. मराठीत ‘काल’ आणि ‘उद्या’ हे दोन शब्द आहेत. हिंदीत दोहोंसाठी ‘कल’ हा एकच शब्द आहे. गुजरातीतही ‘काले’ हा शब्द दोन्ही दिशांना चालतो. घरी हिंदी बोलणारे मूल बालवाडीत मराठी शिकताना ‘कल’चा ‘काल’ करते, हे स्वाभाविकच आहे. ‘काल आजी’ एवढेच दोन शब्द ते बोलले आणि त्याच्या मनात उद्या गावाहून येणारी आजी असली, तरी ज्या घरातली आजी नुकतीच वारली आहे त्या घरात ते शब्द निराळेच ऐकू येतात. आणि प्रमाण मराठी बोलणाऱ्यांनी फार हसण्याचे कारण नाही, कारण आपला ‘परवा’ मागच्या दिवसालाही लागतो व पुढच्याही. प्रौढ माणूस क्रियापदावरून दिशा ओळखतो. मुलाच्या दोनशब्दी वाक्यात क्रियापदच नसते.

दुसरा शब्द ‘म्हणे’ हा होय. ‘विहिरीत बाई पडली’ आणि ‘विहिरीत बाई पडली म्हणे’ या दोन वाक्यांत पाहिलेल्या आणि ऐकलेल्या गोष्टीचे अंतर आहे. ‘म्हणणे’ या धातूपासून निघालेले हे अव्यय म्हणजे मराठीचे साक्षीपुराव्याचे व्याकरण आहे. तुर्की भाषेत हेच काम क्रियापदाचा एक प्रत्यय करतो. त्या भाषेतील मुले तो प्रत्यय लहानपणीच उच्चारू लागली, तरी पाहिलेले व ऐकीव हा भेद त्याला पक्का जोडण्यास त्यांना काही वर्षे लागतात, असे अयहान अक्सू-कोच यांच्या १९८८ मधील ग्रंथावरून दिसते. मराठी मूलही आजीने दुपारी सांगितलेली हकिगत संध्याकाळी ‘म्हणे’ गाळून सांगू शकते. मग ती हकिगत साक्षीदाराच्या जबानीसारखी ऐकू येते आणि ‘याला हे कसे कळले?’ असा प्रश्न पडतो. गंमत अशी की, त्यानंतर ती जबानी गावभर फिरते ती ‘म्हणे’ लावूनच.

तिसरा शब्द ‘तो’. दर्शक सर्वनामाला ज्याचा निर्देश करावयाचा ते आधी सांगितलेले किंवा दोघांना दिसणारे असावे लागते. ऐकणाऱ्याला काय ठाऊक आहे आणि काय नाही, याचा अंदाज लहान मुलाला नसतो. म्हणून ते पूर्वसूचनेवाचून ‘तो आला’ म्हणते. परंतु मराठी समाजात नाव न घेता केवळ सर्वनामाने ज्यांचा उल्लेख करावयाचा, त्यांत पूर्वीच्या घरातील पतीप्रमाणे ‘बाहेरचे’ही येते. नाव घेणे टाळावे आणि ‘ते’ म्हणावे, ही भुताखेतांविषयीची प्रौढांची रीत. त्यामुळे मुलाच्या भाषेतील उणीव प्रौढाच्या भाषेतील संकेताशी नेमकी जुळते.

याशिवाय योगायोग आहेच. नोव्हेंबर २०१८ पासून याच जिल्ह्यातील डहाणू-तलासरी भागाला भूकंपाच्या धक्क्यांच्या मालिकेने हैराण केले. जेथे जमीन वारंवार हलते तेथे ‘आता हलणार’ असे एखादे मूल म्हणाले, तर कधी ना कधी ते खरे ठरणारच. खरे ठरलेले वाक्य लक्षात राहते. न ठरलेली दहा विसरली जातात.

४

आता दुसऱ्या बाजूचा, म्हणजे प्रौढांच्या भाषेचा विचार करू. मराठी घरात निघताना ‘जातो’ म्हणावयाचे नसते, ‘येतो’ म्हणावयाचे असते. दिवा विझवावयाचा नसतो, मालवावयाचा असतो. बांगडी फुटत नाही, वाढवते. दुकान बंद करीत नाहीत, वाढवतात. नारळही वाढवावयाचा असतो. रात्री सापाला साप न म्हणता ‘जनावर’ किंवा ‘लांबडे’ म्हणावे लागते. वास्तुपुरुष सदैव ‘तथास्तु’ म्हणत असतो, या समजुतीवर हे सारे अशुभनिवारक व्याकरण उभे आहे.

मूल प्रथम शब्दांचा सरळ अर्थ शिकते. त्यांवरील हे निर्बंध त्याला मागाहून कळतात. मधल्या काळात ते निर्दोष पण अशुभ मराठी बोलते. सकाळी शाळेत निघालेली मुलगी ‘आई, मी जाते’ म्हणाली की आई ‘जाते नाही, येते म्हण’ असे दटावते. मुलीला त्यातले काही कळत नाही. कारण ती खरोखरच चाललेली असते. ‘शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली’ ही म्हण आपण विनोदाने वापरतो. परंतु मांडवाला आग खरोखरच लागलेली असेल तर नाऱ्याने काय बोलावे, हा प्रश्न म्हणीने अनुत्तरित ठेवला आहे.

मृत्यूच्या शब्दसंग्रहात हे अंतर सर्वांत रुंद होते. आपण ‘आजोबा गेले’ म्हणतो, ‘देवाघरी गेले’ म्हणतो. ‘जाणे’ हे गतिवाचक क्रियापद आहे. जो गेला तो कोठे तरी आहे आणि केव्हा तरी परत येईल, हा त्याचा नित्याचा अर्थ. ‘आजोबा परत कधी येणार?’ हा मुलाचा प्रश्न व्याकरणाला धरून आहे. त्या व्याकरणाचा भंग मोठ्यांनी केलेला असतो. मारिया नॉज यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हंगेरियन मुलांच्या अभ्यासात तीन ते पाच वर्षांची मुले मृत्यूला प्रस्थान समजतात आणि तो उलटू शकतो असे मानतात, पाच ते नऊ या वयात त्याला व्यक्तिरूप देतात, आणि अटळ व सार्वत्रिक म्हणून तो नवव्या वर्षाच्या सुमारास त्यांना उमगतो, असे दाखविले आहे. ही वये सर्व समाजांत तशीच असतील असे नव्हे. नंतरच्या अभ्यासकांनी ती बरीच अलीकडे आणली. परंतु मृत्यूला प्रस्थान समजण्याचे काम मराठी मुलासाठी त्याच्या भाषेनेच अर्धे करून ठेवले आहे.

भीतीचा शब्दसंग्रहही मोठ्यांनीच पुरविलेला असतो. बागुलबुवा हे मुलाने कल्पिलेले पात्र नव्हे. जेवत नाही, झोपत नाही, म्हणून आपण ते त्याला दिले. तान्हे मूल झोपेत हसले तर सटवाई त्याला हसवते, असे सांगून ते बोलू लागण्यापूर्वीच त्याच्याभोवती एक अदृश्य सोबती आपण उभा केलेला असतो. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ (२०१८) या चित्रपटाचे यश मला या ठिकाणी दिसते. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’शी नावापलीकडे फारसे नाते नसलेल्या या हिंदी चित्रपटात साखळदंडाने बांधलेल्या भयानक वृद्धेला झोपविण्यासाठी मुलाला हस्तरच्या नावाचा धाक घालावा लागतो. आईने मुलाला घालावयाचा धाक मुलाने आजीला घालावा, या उलटापालटीत बागुलबुवा मुळात कोणाचा, हे स्पष्ट होते. चित्रपटाच्या उत्तरार्धात लोभाची रूपककथा पुढे येते आणि हा सूक्ष्म धागा मागे पडतो, ही त्याची मर्यादा मानावी लागेल.

५

साहित्याने अशा बालोक्तीचे काय केले, हे पाहताना एक कसोटी उपयोगी पडते : मुलाच्या वाक्याबरोबर मोठ्यांचा प्रश्न लेखकाने कृतीत राखला आहे काय?

या कसोटीला आपल्या परंपरेतील सर्वांत प्राचीन आणि सर्वांत तेजस्वी उदाहरण कठोपनिषदाचे आहे. वाजश्रवसाचा पुत्र नचिकेता म्हाताऱ्या, निरुपयोगी गायींचे दान पाहतो आणि ‘मला कोणाला देणार?’ असे पित्याला विचारतो. तो एकदा नव्हे, तीनदा विचारतो. आणि संतापलेला पिता ‘मृत्यूला’ असे उत्तर देतो. येथे मृत्यूचा शब्द मुलाने उच्चारलेला नाही, तो बापाच्या तोंडून निघाला आहे. मुलाचे बोलणे अस्वस्थ करणारे आहे ते त्यात काही गूढ आहे म्हणून नव्हे. दानाच्या ढोंगावर ते बोट ठेवते म्हणून. पुढे यमही या मुलाला वरांचे आमिष दाखवून प्रश्नापासून वळवू पाहतो. मोठ्यांनी मुलाचा प्रश्न टाळण्याची याहून अचूक नोंद क्वचितच सापडेल. महाराष्ट्रात मात्र मुक्ताबाईच्या वाट्याला निराळे भाग्य आले. चौदाशे वर्षांच्या चांगदेवाची गुरू ही चिमुरडी, असे आपण भक्तीने सांगतो. पण तिचे वय तिच्या बोलण्यावर कोठे उमटले आहे, हे विचारीत नाही. आदराची रीत मुलाला मूल राहू देत नाही, याचे हे उदाहरण आहे.

वर्ड्‌स्वर्थच्या ‘वी आर सेव्हन’ (१७९८) या कवितेत आठ वर्षांची खेड्यातील मुलगी आपण भावंडे सात आहोत असे सांगते. त्यांपैकी दोघे स्मशानात आहेत हे तिला ठाऊक आहे. प्रौढ प्रवासी वजाबाकी करून पाच म्हणत राहतो. या कवितेचे मराठीत भाषांतर करू पाहणाऱ्याच्या ध्यानात येईल की सारा वाद ‘आहोत’ आणि ‘होतो’ यांच्यामधला आहे. कवीचे श्रेष्ठत्व असे की त्याने विचारणाऱ्याला कवितेत ठेवले आणि त्याचा हेकटपणाही झाकला नाही. प्रवासी वगळून केवळ मुलीची वाक्ये उरवली असती, तर ती भुतांशी बोलणारी मुलगी झाली असती.

हेन्री जेम्सने ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ (१८९८) या लघुकादंबरीत उलट प्रयोग केला. माइल्स आणि फ्लोरा या मुलांना मृतांचा संसर्ग झाला आहे, असे त्यांची शिक्षिका आपल्याला सांगते. माइल्सला शाळेतून काढले ते त्याने काही तरी बोलल्याबद्दल, असे शेवटी कळते. फ्लोरा भयंकर भाषा बोलली असेही ऐकू येते. परंतु ते बोलणे काय होते हे कादंबरीत कोठेही नाही. साहित्यातील बहुधा सर्वांत भयावह ठरलेली बालवाणी आपल्याला ऐकविलेलीच नाही. ऐकविली आहे ती ऐकणारीची थरथर. एडमंड विल्सनने १९३४ मध्ये भुते शिक्षिकेच्याच मनातील असल्याचे प्रतिपादन केले आणि वाद उत्पन्न झाला. भुते खरी की खोटी, या वादात न शिरताही, मूळ वाक्य गाळून भय कसे वाढविता येते याचा हा वस्तुपाठ मानता येईल.

रवींद्रनाथांच्या ‘डाकघर’ (१९१२) नाटकातील आजारी अमल खिडकीशी बसून राजाच्या पत्राची वाट पाहतो. गावचा मुखिया थट्टेने कोरा कागद त्याच्या हाती देतो. ठाकुरदा त्याच कोऱ्या कागदात राजाचा निरोप वाचतात. एकाच मुलाचे बोलणे पालक माधव दत्त, वैद्य, मुखिया आणि ठाकुरदा हे चौघे चार प्रकारे ऐकतात, आणि नाटककार कोणालाही रंगभूमीवरून हाकलीत नाही. अमलच्या बोलण्यातील मृत्यूची चाहूल म्हणूनच भीतिदायक होत नाही.

६

याच कसोटीवर संशोधनाचे ग्रंथही तपासले पाहिजेत. १९३० च्या दशकात दिल्लीतील शांतिदेवीच्या मथुरेविषयीच्या आठवणींनी देशभर कुतूहल निर्माण केले. पुढे व्हर्जिनिया विद्यापीठातील मनोविकारतज्ज्ञ इयन स्टीव्हन्सन यांनी १९६६ मध्ये पुनर्जन्मसूचक वीस प्रकरणांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांपैकी सात प्रकरणे भारतातील आहेत. स्टीव्हन्सन यांची चिकाटी आणि प्रामाणिकपणा यांविषयी शंका घेण्याचे कारण नाही. दुभाष्यांच्या आणि स्मृतीच्या चुका संभवतात, याचा विचार त्यांनी स्वतःच केला आहे. आक्षेप आहे तो नोंदीच्या रूपाला. त्यांच्या कोष्टकांत मुलाचे प्रत्येक विधान, ते सांगणारे साक्षीदार आणि त्याची पडताळणी अशी मांडणी आहे. विधान इंग्रजीत आणि तृतीय पुरुषात आहे. म्हणजे भाषांतर आणि पुरुषबदल हे दोन्ही संस्कार होऊन गेल्यानंतरची ती वस्तू आहे. मुलाने कोणता काळ वापरला, कोणते सर्वनाम वापरले, त्याआधी त्याला काय विचारले होते, हे त्या कोष्टकावरून कळू शकत नाही. पडताळणी कितीही काटेकोर असली तरी जे पडताळले ते मुलाचे वाक्य नव्हे. अशी मुले दोन ते पाच या वयात बोलू लागतात आणि पाच ते आठच्या दरम्यान बोलायची थांबतात, असे स्टीव्हन्सन यांना आढळले. काळ, दर्शक आणि साक्षीवाचक शब्द यांची घडी बसण्याचा काळही साधारण हाच आहे. या जुळणीवरून काही सिद्ध होत नाही. परंतु ती तपासल्यावाचून पुढे जाणे योग्य नव्हे.

याच्या शेजारी रूथ वीअर यांचा ‘लँग्वेज इन द क्रिब’ (१९६२) हा ग्रंथ ठेवून पाहावा. वीअर या भाषाशास्त्रज्ञ होत्या. आपला अडीच वर्षांचा मुलगा झोपण्यापूर्वी अंधारात एकटाच बोलतो, ते त्यांनी ध्वनिमुद्रित केले. अंधाऱ्या खोलीतून येणारे मुलाचे बोलणे ऐकून कोणाचीही छाती धडधडावी. पण मुद्रणात काय सापडले? शब्दांची आलटापालट, ध्वनींची जुळवाजुळव, एकच वाक्य निरनिराळ्या नामांनी भरून पाहण्याचा सराव. ते मूल कोणाशी बोलत नव्हते. ते भाषा घोकीत होते. वाक्य जसेच्या तसे राखल्याने भयाचे ज्ञानात रूपांतर कसे होते, याचे याहून समर्पक उदाहरण मला ठाऊक नाही.

७

येथवरच्या विवेचनातून, बालोक्तीतील सारे गूढ म्हणजे व्याकरणाचा घोटाळा, असा निष्कर्ष कोणी काढील. तो अपुरा ठरेल. ‘आजी कधी मरणार?’ या वाक्यात काळाची चूक नाही, सर्वनामाची नाही. ते नीट घडविलेले प्रश्नार्थक वाक्य आहे आणि त्याला उत्तर हवे आहे. बाहुलीची अंत्ययात्रा काढणारे मूल घरात जे पाहिले ते खेळून समजून घेत असते. फ्रॉइडने १९२० मध्ये नोंदविलेला, दोऱ्याचे रीळ दूर फेकून परत ओढणारा त्याचा दीड वर्षांचा नातू आईच्या जाण्या-येण्याशी हेच करीत होता. अशा मुलाला ‘तुझा भूतकाळ चुकला’ असे सांगणारा व्याकरणकार आणि ‘याला बाधले’ असे म्हणणारा शेजारी, दोघेही प्रश्नाला पाठ दाखवितात.

हा प्रश्न केवळ विद्वत्तेचा नाही. ज्याचे बोलणे चुकीचे ऐकले जाते त्या मुलावर उपाय होतात. अंगारे-धुपारे हा त्यांतील सौम्य प्रकार. भूत उतरविण्याच्या नावाखाली होणारी मारहाण व छळ यांविरुद्ध महाराष्ट्राला २०१३ मध्ये कायदा करावा लागला, यावरून तीव्र प्रकारांची कल्पना येईल. आणि ज्या मुलाच्या घरची बोली शाळेच्या भाषेहून निराळी आहे, त्याचे बोलणे चुकीचे ऐकले जाण्याचा संभव दुप्पट असतो.

याच पालघर जिल्ह्यात ऐकण्याची एक वेगळी परंपरा होऊन गेली, याचे स्मरण येथे उचित होईल. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्या साहाय्याने, आदिवासी मुलांच्या शिक्षणाचे प्रयोग केले. मुले शाळेत येत नाहीत, कारण ती धाकट्या भावंडांना सांभाळतात किंवा गुरे राखतात, हे पाहून त्यांनी शाळाच अंगणात आणि कुरणात नेली. अंगणवाडी आणि कुरणशाळा या शब्दांत एक पद्धतिशास्त्र दडलेले आहे : मूल जेथे आणि ज्या भाषेत बोलते तेथे ऐकणाऱ्याने गेले पाहिजे.

आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी मासवण-बोईसर परिसरातील बालभाषेवर प्रबंधिका लिहू इच्छीत असेल, तर या परंपरेचा धागा त्याने उचलावा. नोंद करताना चार गोष्टी सोडू नयेत : मुलाचे वाक्य प्रथम पुरुषातच, जसेच्या तसे लिहावे, त्याआधीचा मोठ्यांचा प्रश्न लिहावा, मुलाच्या कानावर पडणाऱ्या बोली कोणत्या, ते लिहावे, त्या दिवशी घरात काय घडले आणि काय सांगितले गेले, तेही लिहावे. पाचवी गोष्ट नोंदवहीतील नाही. मुलाने आजीच्या मरणाविषयी विचारले असेल, तर वही मिटून प्रथम त्याला त्याच्या बोलीत, ‘जाणे’ हे क्रियापद टाळून, खरे उत्तर द्यावे. नोंद मागाहूनही करता येते.